आभासी यंत्रे आणि खरी साधने : मोजून वाटप करण्याचे तंत्र

शासकीय कारभाराचा फार मोठा भाग आता संगणकावर चालतो. सात-बाराचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रामपंचायतीचा जमाखर्च अशी कितीतरी कामे रोज संगणकाच्या पडद्यावर पार पडतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली अमलात आला, तेव्हापासून अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला आहे. साहजिकच, कार्यालयातील संगणक प्रणाली मंद चालणे ही आता केवळ तंत्रज्ञांच्या चिंतेची बाब राहिलेली नाही. पडदा हलत नाही म्हणून ज्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तालुक्याच्या गावी यावे लागते, त्याची एका दिवसाची मजुरी बुडते.

प्रणाली मंद झाली की बहुधा एकच मागणी पुढे येते : आमच्या यंत्राला आणखी प्रोसेसर द्या, आणखी मेमरी द्या. ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु ज्यांना आभासी यंत्रे म्हणतात त्यांच्या बाबतीत ती पुष्कळदा उलट परिणाम करते. गरजेपेक्षा अधिक मागितल्याने शेजारच्या विभागाचे काम तर अडतेच, पण मागणाऱ्याचेही अडते. असे का होते आणि वाटप कोणत्या रीतीने करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आभासी यंत्र म्हणजे काय?

जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे राहत. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळे. परंतु चौकातला आड एकच. आभासी यंत्रांची व्यवस्था अशीच असते. माहिती केंद्रात एक मोठा सर्व्हर असतो. त्यावर हायपरव्हायजर नावाची आज्ञावली बसविलेली असते. ती त्या एका यंत्राचे प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क अनेक बिऱ्हाडांत वाटून देते. प्रत्येक बिऱ्हाड म्हणजे एक आभासी यंत्र. त्यातील ऑपरेटिंग सिस्टिमला आपण एका स्वतंत्र संगणकावर चालत आहोत असेच वाटते. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला येणारी प्रत्येक गोष्ट त्या एकाच आडातून शेंदलेली असते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात असलेल्या आयबीएम कंपनीच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. तिच्यात एका मोठ्या संगणकावर अनेक आभासी संगणक चालत. त्याच कामातून पुढे १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी १९७४ साली या व्यवस्थेच्या तीन कसोट्या सांगितल्या. आभासी यंत्रावर आज्ञावली खऱ्या यंत्रावर चालते तशीच चालली पाहिजे. साधनांवर संपूर्ण ताबा नियंत्रक आज्ञावलीचाच असला पाहिजे. आणि बहुतांश सूचना मध्यस्थाशिवाय थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत.

पुढे छोटे संगणक स्वस्त झाले आणि ही कल्पना काही काळ मागे पडली. व्हीएमवेअर कंपनीने १९९९ साली तिला छोट्या संगणकांवर पुन्हा आणले. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून २००३ साली झेन आले आणि २००७ साली केव्हीएम ही सोय लिनक्समध्येच समाविष्ट झाली. आपल्या देशात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०१४ साली 'मेघराज' योजनेखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. तेव्हापासून नवा सर्व्हर विकत घेण्याऐवजी क्लाउडवर आभासी यंत्र मागण्याचा मार्ग शासकीय विभागांना खुला झाला.

या व्यवस्थेचा लाभ उघड आहे. वीज, जागा आणि यंत्रसामग्री यांचा खर्च वाचतो. नवे यंत्र काही मिनिटांत उभे राहते. मात्र यंत्र आभासी असले तरी त्यामागील साधने खरी असतात, आणि ती मोजकीच असतात.

प्रोसेसर : पाळी येण्याची प्रतीक्षा

आभासी प्रोसेसर म्हणजे खऱ्या प्रोसेसरच्या कोअरवर पाळी मिळण्याचा हक्क होय. सर्व्हरमध्ये ३२ कोअर असतील आणि त्यावरील सर्व यंत्रांना मिळून ८० आभासी प्रोसेसर दिले असतील, तर एका क्षणी ३२ जणांनाच पाळी मिळेल. बाकीच्यांपैकी ज्यांच्याकडे काम नाही त्यांना त्याचे काही वाटणार नाही. ज्यांच्याकडे काम आहे त्यांना मात्र ताटकळावे लागेल.

या ताटकळण्याचे मोजमाप करता येते. लिनक्स यंत्रात ते 'स्टील टाइम' या नावाने दिसते, तर व्हीएमवेअरमध्ये त्यास 'रेडी टाइम' म्हणतात. समजा, २० सेकंदांच्या नोंदीत एका आभासी प्रोसेसरचा रेडी टाइम १ सेकंद आला, तर त्याचा ५ टक्के वेळ केवळ प्रतीक्षेत गेला. व्यवहारात हा आकडा सातत्याने ५ टक्क्यांच्या वर जाऊ लागला की सावध व्हावे, असे मानतात. विशेष म्हणजे, यंत्राच्या आत बसलेल्या आज्ञावलीला या प्रतीक्षेचे कारण कळत नाही. तिला केवळ काम लांबल्याचे जाणवते, आणि मग दोष आज्ञावलीच्या माथी मारला जातो.

जास्त प्रोसेसर दिल्याने काम का अडते, हेही येथेच स्पष्ट होते. एका यंत्राला आठ आभासी प्रोसेसर दिले, तर त्यांच्यावर चालणारी कामे एकमेकांवर अवलंबून असतात. एका प्रोसेसरने काही माहितीला कुलूप लावले आणि नेमकी त्याच वेळी त्याची पाळी संपली, तर उरलेले सात जण कुलूप उघडण्याची वाट पाहत राहतात. ज्या यंत्राचे काम दोन प्रोसेसरांत भागते, त्यास आठ देणे म्हणजे ही गुंतागुंत विनाकारण ओढवून घेणे होय.

आणखी एक बारकावा आहे. मोठ्या सर्व्हरमध्ये बहुधा दोन प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाजवळ आपली मेमरी असते. स्वतःजवळची मेमरी लवकर वाचता येते. दुसऱ्याजवळची वाचण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून आभासी यंत्राचे प्रोसेसर आणि मेमरी शक्यतो एकाच बाजूला मावतील इतपतच त्याचा आकार ठेवावा.

मेमरी : आडातले पाणी

प्रोसेसरच्या बाबतीत पाळी लावून निभावता येते. मेमरीच्या बाबतीत तसे करता येत नाही. मेमरी एकाच वेळी दोघांच्या हाती देता येत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली या प्रश्नाचे मर्म सांगितले. कोणतीही आज्ञावली आपली सर्व माहिती सदासर्वकाळ वापरीत नाही. एखाद्या काळात तिला ज्या माहितीची पुनःपुन्हा गरज पडते, त्या संचाला त्याने 'वर्किंग सेट' असे नाव दिले. आपण त्यास कामातला संच म्हणू. हा संच मेमरीत मावला तर काम सुरळीत चालते. मावला नाही तर माहिती डिस्कवर ठेवणे आणि पुन्हा उचलून आणणे यातच संगणकाचा सारा वेळ जातो. मेमरीतून माहिती उचलण्यास साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीवरून आणण्यास त्याच्या सुमारे हजारपट, आणि फिरत्या डिस्कवरून आणण्यास सुमारे लाखपट वेळ लागतो.

सर्व यंत्रांना मिळून खऱ्या मेमरीपेक्षा अधिक मेमरी कागदोपत्री देता येते. ती निभावण्याची एक युक्ती कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली व्हीएमवेअरच्या प्रणालीचे वर्णन करताना मांडली. आभासी यंत्राच्या आत एक 'फुगा' ठेवलेला असतो. टंचाई भासू लागली की हायपरव्हायजर हा फुगा फुगवितो. त्यामुळे आतील ऑपरेटिंग सिस्टिम आपली बिनकामाची पाने आपण होऊन सोडून देते आणि ती शेजाऱ्यास मिळतात. बिनकामाचे काय आणि कामाचे काय, हे आतल्यासच ठाऊक असते. म्हणून हा निर्णय त्याच्यावर सोपविण्यात शहाणपण आहे. परंतु बिनकामाची पाने संपल्यावरही फुगा फुगतच राहिला, तर कामातल्या संचावरच घाला पडतो.

जावा भाषेतील आज्ञावली आणि माहितीकोश सांभाळणाऱ्या आज्ञावली यांना हा घाला विशेष जाचतो. जावाची प्रणाली टाकाऊ माहिती वेचण्यासाठी वेळोवेळी आपल्या मेमरीचा मोठा भाग धुंडाळते. त्यातील काही भाग डिस्कवर गेला असेल तर एका वेचणीत सारे काम थबकते. म्हणून अशा यंत्रांसाठी आवश्यक तितकी मेमरी राखीव ठेवावी आणि त्यांच्यात टंचाईचा प्रयोग करू नये.

येथे मोजमापातील एक फसगत टाळली पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी मेमरी वाया न घालविता तीत डिस्कवरील माहितीच्या प्रती ठेवते. त्यामुळे मेमरी ९० टक्के भरलेली दिसली, एवढ्यावरून ती अपुरी आहे असे ठरत नाही. माहितीची डिस्कवर सतत ये-जा होत आहे काय, हे पाहावे.

डिस्क आणि नेटवर्क

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, शिवाय सुई सरकण्यास लागणारा वेळ. असा हिशेब केला तर विखुरलेल्या जागांवरील मागण्या सेकंदाला साधारण ७५ ते १०० इतक्याच पुऱ्या होतात. दहा यंत्रे एकाच डिस्कवर असतील, तर प्रत्येकाने ओळीने केलेल्या मागण्याही एकमेकांत मिसळून विखुरलेल्या बनतात. एसएसडीची क्षमता याच्या कितीतरी पट असते. तरीही ती सामायिकच असते, हे विसरू नये.

डिस्कवरील ताण पुष्कळदा आपणच निर्माण करतो. सर्व यंत्रांतील विषाणू-तपासणी सकाळी अकरालाच सुरू होणे, माहितीची राखीव प्रत कार्यालयीन वेळेत घेतली जाणे, ही त्याची ठळक उदाहरणे होत. कालव्याच्या पाण्याला जशा पाळ्या ठरवाव्या लागतात, तशा या कामांनाही ठरवाव्यात. दुसरी बाब 'स्नॅपशॉट'ची. एखादा बदल करण्यापूर्वी यंत्राची स्थिती जतन करणे सोयीचे असते. परंतु तो स्नॅपशॉट तसाच राहिला तर पुढील प्रत्येक बदल वेगळ्या फायलीत साठत जातो आणि वाचन-लेखन मंदावते. व्हीएमवेअरने एक स्नॅपशॉट ७२ तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे सुचविले आहे.

नेटवर्क आणि डिस्क यांच्यासाठी आभासी यंत्रात कोणते ड्रायव्हर वापरले आहेत, हेही पाहावे. जुन्या खऱ्या कार्डाची नक्कल करणाऱ्या ड्रायव्हरला प्रत्येक लहान व्यवहारासाठी हायपरव्हायजरला हाक मारावी लागते. केव्हीएममधील व्हर्टिओसारखे खास आभासी यंत्रांसाठी बनविलेले ड्रायव्हर या हाका एकत्र करून वेळ वाचवितात.

रांगेचे गणित

साधने पूर्णपणे वापरली गेली म्हणजे काटकसर झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा कसा, हे रांगेच्या गणितावरून कळते. या शास्त्राचा पाया डेन्मार्कचे गणिती ए. के. एर्लांग यांनी टेलिफोनच्या संदर्भात १९०९ साली घातला.

तहसील कार्यालयातील एक खिडकी घ्या. एका माणसाच्या कामास सरासरी दोन मिनिटे लागतात. लोक आपापल्या सवडीने येतात आणि प्रत्येकाच्या कामाचा वेळही कमी-अधिक असतो. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्यास प्रतीक्षेसह सरासरी ४ मिनिटे लागतील. ती ८० टक्के वेळ कामात असेल तर १० मिनिटे, ९० टक्के असेल तर २० मिनिटे आणि ९५ टक्के असेल तर ४० मिनिटे लागतील. काम तेच, कर्मचारी तोच. केवळ मोकळीक संपली म्हणून वेळ वाढला. खिडक्या अनेक असल्या तर प्रतीक्षा काहीशी उशिरा वाढू लागते, पण वाढते याच रीतीने. प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क या सर्वांना हाच नियम लागू आहे. म्हणून थोडी मोकळीक ठेवणे हा अपव्यय नव्हे. सेवा वेळेवर देण्याची ती किंमत आहे.

एक उदाहरण

समजण्यास सोपे जावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सर्व्हरमध्ये प्रत्येकी १६ कोअरचे दोन प्रोसेसर आणि एकूण २५६ गिगाबाइट मेमरी आहे. दहा विभागांनी प्रत्येकी ८ आभासी प्रोसेसर आणि ३२ गिगाबाइट मेमरी मागितली. मागणी मान्य केली तर ३२ कोअरवर ८० आभासी प्रोसेसर येतात, आणि २५६ गिगाबाइटमधून ३२० द्यावयाचे ठरते. म्हणजे ६४ गिगाबाइट आडात नाहीतच.

आता मागणीऐवजी मोजमाप घ्या. सर्वाधिक गर्दीच्या तासात सात यंत्रांना प्रत्येकी २ प्रोसेसर व १२ गिगाबाइट पुरतात, दोन यंत्रांना प्रत्येकी ४ व २४ लागतात, आणि दाखल्यांचे काम करणाऱ्या यंत्रास ६ व ४८ लागतात असे दिसले. बेरीज होते २८ प्रोसेसर आणि १८० गिगाबाइट. ४ कोअर आणि ७६ गिगाबाइट हायपरव्हायजरच्या कामासाठी व अडीअडचणीसाठी शिल्लक राहतात. नवे काहीही विकत न घेता कोणासही ताटकळावे लागत नाही. शिवाय दाखल्यांच्या यंत्राला सात जणांच्या मागणीत गुदमरावे लागले असते, तेही टळते.

गर्दी कधी होईल हे निश्चित सांगता येत नसेल, तर हायपरव्हायजरमध्ये तीन बंधने घालता येतात. राखीव वाटा म्हणजे कोणत्याही स्थितीत मिळणारच असा भाग. कमाल मर्यादा म्हणजे ज्यापुढे मिळणार नाही असा भाग. आणि हिस्सा म्हणजे टंचाईत कोणास किती प्राधान्य द्यावयाचे याचे प्रमाण. लोकांच्या थेट उपयोगाच्या सेवांना राखीव वाटा व मोठा हिस्सा द्यावा. चाचणीच्या आणि प्रशिक्षणाच्या यंत्रांना मर्यादा घालावी.

सर्व्हर बंद पडण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. चार सारखे सर्व्हर प्रत्येकी ७५ टक्के कामात असतील आणि एक बंद पडला, तर उरलेल्या तिघांवर १०० टक्के भार येतो. म्हणजे रांग अमर्याद वाढते. तेच प्रत्येकी ६० टक्के भरलेले असतील, तर तिघांवर ८० टक्के भार येतो आणि सेवा मंद का होईना, चालू राहते.

कोणी काय पाहावे?

विभागाच्या अधिकाऱ्याने यंत्र मागताना चार गोष्टी लेखी द्याव्यात : गर्दीच्या तासात एकाच वेळी किती लोक काम करतात, कोणत्या तारखांना गर्दी वाढते, किती सेकंदांत उत्तर मिळणे आवश्यक आहे, आणि किती वेळ सेवा बंद राहिलेली चालेल. प्रोसेसर व मेमरी यांचे आकडे त्यावरून ठरवावेत. यंत्र चालू झाल्यावर किमान एक पूर्ण महिना मोजमाप घ्यावे, कारण महिनाअखेरचा भार एरवी दिसत नाही. सरासरीवर विसंबू नये. शंभरांपैकी पंच्याण्णव मागण्या किती वेळात पुऱ्या झाल्या, हा आकडा अधिक बोलका असतो.

पंचायत सदस्यांना यंत्रांच्या अंतरंगात शिरण्याचे कारण नाही. परंतु प्रणाली मंद आहे अशी तक्रार करताना ती कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या पडद्यावर आणि किती मिनिटे अडली, एवढे टिपून दिले तर तंत्रज्ञास राखीव प्रतीची वेळ, शेजारच्या यंत्राचा भार आणि त्या तासातील नोंदी ताडून पाहता येतात. 'संगणक चालत नाही' एवढ्या एका वाक्यावरून ते शक्य होत नाही. आणि नव्या सर्व्हरच्या खरेदीचा प्रस्ताव समोर आला, तर जुन्यावरील रेडी टाइम, डिस्कची ये-जा आणि गर्दीच्या तासातील वापर यांचे आकडे अवश्य मागावेत.

शिक्षकांना हा विषय शाळेतील संगणकावरही शिकविता येईल. ८ गिगाबाइट मेमरीच्या लिनक्स संगणकावर विनामूल्य मिळणाऱ्या केव्हीएमच्या साहाय्याने प्रथम २ गिगाबाइटचे एक आभासी यंत्र चालवावे. मग ७ गिगाबाइटचे दुसरे चालवून दोन्हींत मोठ्या फायली उघडाव्यात आणि प्रत्येक वेळी लागणारा वेळ विद्यार्थ्यांकडून वहीत नोंदवून घ्यावा.

शासनाची संगणकीय साधने ही लोकांच्या पैशातून उभी राहिलेली सामायिक मालमत्ता आहे. तिच्यातील न वापरलेला वाटा अडवून ठेवणे म्हणजे दुसऱ्या कार्यालयाच्या खिडकीपुढील रांग लांबविणे होय. प्रत्येक विभागाने वर्षातून दोनदा आपल्या यंत्रांचे मोजमाप तपासून न लागणारे प्रोसेसर व मेमरी परत केली, तर आहे त्याच सामग्रीत अधिक लोकांचे काम वेळेवर होईल.